दूरच्या तज्ज्ञाचं बोट: हेडसेट प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाला मंजुरी मिळाली. काम थोडक्यात असं: पंप, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स यांच्या दुरुस्तीत फिटरला अडलं तर दुसऱ्या प्लांटमधल्या तज्ज्ञाला फिटरच्या डोळ्यांपुढचं दिसावं, आणि तज्ज्ञाने दाखवलेलं फिटरला दिसावं. फिटरचे दोन्ही हात मोकळे राहून, म्हणजे कॅमेरा आणि पडदा त्याच्या डोक्यावरच्या हेडसेटमध्ये.

सध्या हे फोनवरच्या व्हिडिओ कॉलने चालतं. मदतनीस असेल तर तो फोन धरतो. नसेल तर फिटर पाना खाली ठेवतो, फोन उचलून दाखवतो, सूचना ऐकतो, फोन ठेवतो आणि परत पाना हातात घेतो. तज्ज्ञ बोलतो तेव्हा काम थांबलेलं असतं, आणि काम सुरू असतं तेव्हा तज्ज्ञाला काहीच दिसत नसतं.

यश कशावरून ठरवायचं यावर बैठकीत बराच वेळ गेला. व्यवस्थापनाला तज्ज्ञांचा प्रवास किती वाचला हे हवं आहे. ते मोजूच. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं माप वेगळं आहे. तज्ज्ञ "तो सैल करा" म्हणतो आणि फिटर "कुठला?" विचारतो, असं एका कॉलमध्ये किती वेळा होतं? प्रत्येक "कुठला?" म्हणजे चुकीचा बोल्ट सुटण्याची शक्यता, आणि जिथे फिटर विचारतच नाही तिथे ती जास्त. दोन्ही गोष्टी नोंदवायचं ठरलं.

९ जानेवारी

उपकरणांची पाहणी. आपल्या कामापुरते यात दोन प्रकार धरता येतील.

पहिल्या प्रकारात पारदर्शक भिंगातून खरं जग दिसतं आणि त्यावर त्रिमिती चित्र टेकवलं जातं. मायक्रोसॉफ्टचं होलोलेन्स २ यातलं: वजन ५६६ ग्रॅम, चित्र दिसण्याचा आवाका कर्णात ५२ अंश. मॅजिक लीप २ चा आवाका ७० अंशांपर्यंत आहे आणि डोक्यावर २६० ग्रॅमच येतात, कारण त्याचा संगणक वेगळा कमरेला लावायचा असतो. दुसऱ्या प्रकारात एका डोळ्यापुढे, नजरेच्या जरा खाली, दांडीवर छोटा पडदा असतो. सोबत कॅमेरा आणि मायक्रोफोन. खऱ्या जगावर हे काही टेकवत नाही, नजर खाली टाकली की पडदा दिसतो, एवढंच. रिअलवेअर आणि व्हुझिक्सची कारखान्यासाठीची उपकरणं या जातीची. रिअलवेअरचं जुनं एचएमटी-१ ३८० ग्रॅमचं होतं, नंतरचं नॅव्हिगेटर ५०० पावणेतीनशेच्या आसपास आलं.

हे तंत्र खेळांसाठी निघालं आणि नंतर कारखान्यात शिरलं असा समज बैठकीत दोघातिघांनी बोलून दाखवला. इतिहास तसा नाही. आयव्हन सदरलँडने १९६८ मध्ये डोक्यावरचा पहिला त्रिमिती पडदा केला, तो प्रयोगशाळेत छताला टांगलेला होता. पुढे १९९० च्या सुमारास बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल विमानांच्या वायरिंगच्या प्रश्नावर काम करत होते. वायरींचे जुडगे मोठाल्या फळ्यांवर आखून बांधावे लागत आणि प्रत्येक जुडग्याची फळी वेगळी. त्यांची कल्पना अशी की फळी कोरी राहू दे, आखणी कामगाराच्या डोळ्यांपुढच्या पडद्यावर दिसू दे. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे नाव त्या कामातून रूढ झालं. म्हणजे आम्ही जे मागतोय तीच याची मूळ गरज.

सुरुवात एका डोळ्याच्या उपकरणाने. ते हेल्मेटला क्लिपने बसतं, दांडी वर सारली की समोरचं सगळं मोकळं दिसतं, आणि बॅटरी जागच्या जागी बदलता येते. पारदर्शक भिंगाचं एक उपकरण तुलनेसाठी उसनं मागवलं आहे.

१६ जानेवारी

नेटवर्क. जिथे पंप आहेत तिथेच वाय-फायचा सिग्नल सगळ्यांत दुबळा. पोलादी टाक्या, पाइपांचं जाळं, काँक्रीटचे पाये. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा अडथळ्यांमागे लवकर पडतो. २.४ जरा आतपर्यंत पोचतो, पण त्या पट्ट्यात आधीच गर्दी आहे.

फिटर टाकीला वळसा घालून गेला की उपकरण एका ॲक्सेस पॉइंटवरून (वाय-फायचा सिग्नल देणारी पेटी) दुसऱ्यावर उडी मारतं आणि नेमक्या त्या वेळी कॉल अडखळतो. वाय-फायमधली ८०२.११आर ही सोय याचसाठी आहे: नव्या पॉइंटशी करायची ओळख-पडताळणी बरीचशी आधीच उरकलेली असते, त्यामुळे उडी झटकन होते. आपल्याकडे ती बंद होती. आज चालू केली, फरक लगेच कानाला कळला.

कॉल वेबआरटीसीवर, म्हणजे आवाज आणि चित्र थेट पाठवण्याच्या खुल्या तंत्रावर, चालवतोय. गुगलने हे २०११ मध्ये खुलं केलं आणि २०२१ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. यात आवाज ओपस कोडेकने (आवाज दाबून लहान करायची पद्धत) जातो. बोलणं स्वच्छ ऐकू यायला सेकंदाला ३० किलोबिटच्या आसपास पुरतात. ७२० रेषांच्या चित्राला दीड-दोन मेगाबिट तरी लागतात. आवाज इतका स्वस्त असताना जोडणी ढासळल्यावर तो तुटणं हे मला मान्यच नाही. राउटरवर आवाजाच्या पॅकेटना डीएससीपी ४६ आणि चित्राच्या पॅकेटना ३४ अशी अग्रक्रमाची खूण लावून घेतली. आधी आवाज, मग चित्र.

चित्राने मागे सरायचं कसं, हेही ठरवावं लागतं. चेहरे दाखवणाऱ्या कॉलमध्ये हालचाल सहज दिसावी म्हणून बारकाई सोडलेली चालते. आपल्याला उलट हवं. सेकंदाला आठ-दहा फ्रेम मिळाल्या तरी चालतील, पण गेजचा काटा वाचता आला पाहिजे. वेबआरटीसीत तशी सेटिंग आहे: रिझोल्यूशन टिकवायचं, फ्रेम सोडायच्या. ती लावली.

२१ जानेवारी

आज उशीर मोजला. पद्धत सोपी आहे. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं घड्याळ चालू करायचं, हेडसेटच्या कॅमेऱ्याने ते पाहायचं, तज्ज्ञाचा पडदा त्याच लॅपटॉपशेजारी ठेवायचा आणि तिसऱ्या कॅमेऱ्याने दोन्हींचा एकत्र फोटो काढायचा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे उशीर. जोडणी चांगली असताना पाव सेकंदाच्या आत-बाहेर, गर्दीच्या वेळी जवळपास दुप्पट.

बोलण्यासाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) शिफारस एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत राहण्याची आहे. आपला आवाज त्याच्या जवळपास बसतो, म्हणून संभाषण बरं चालतं. खरा घोळ खुणेचा आहे. तज्ज्ञ चालू चित्रावर वर्तुळ काढतो, ते फिटरच्या पडद्यावर उमटतं तोवर फिटरची मान हललेली असते.

किती फरक पडतो त्याचा हिशोब केला. मान सावकाश वळते आहे, सेकंदाला २० अंश. चित्र जाऊन खूण परत यायला ०.४ सेकंद धरू. मान ८ अंश सरकली. काम हातभर अंतरावर, समजा ५० सेंटिमीटर. ८ अंश म्हणजे तिथे ७ सेंटिमीटर. आता चार इंची, क्लास १५० फ्लँज घ्या, म्हणजे पाइप जोडायची बोल्टांची चकती. त्यावर आठ बोल्ट असतात आणि शेजारशेजारच्या दोन बोल्टांमध्ये सुमारे ७३ मिलिमीटर अंतर असतं. तज्ज्ञाने एका बोल्टभोवती काढलेलं वर्तुळ बरोबर शेजारच्या बोल्टावर जाऊन बसेल, तेही इतकं नेमकं की कोणाला शंका येणार नाही.

चालू चित्रावर खूण करण्याची सोय बंद करून टाकली. तज्ज्ञाने आधी चित्र गोठवायचं, स्थिर फोटोवर खूण करायची आणि तो फोटो फिटरच्या पडद्यावर पाठवायचा. विक्रेत्याचा माणूस नाराज झाला, कारण चालू चित्रावर रेघा ओढणं हेच त्यांच्या प्रात्यक्षिकातलं आकर्षण असतं. टेबलावर ठेवलेल्या वस्तूकडे स्थिर मानेने पाहताना ते छानच दिसतं.

२९ जानेवारी

या विषयावरचं जुनं संशोधन वाचतोय. डोक्यावरचा कॅमेरा चांगलाच असणार असं आम्ही सगळे गृहीत धरून चाललो होतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुझन फसेल, रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. एक जण खेळण्यातला मोठा रोबो जोडतो, दुसरा दुरून सांगतो. कधी नुसता आवाज, कधी डोक्यावरचा कॅमेरा, कधी सगळी जागा दाखवणारा बाजूचा कॅमेरा, कधी दोन्ही. नुसत्या आवाजापेक्षा बाजूच्या कॅमेऱ्याने काम सुधारलं. डोक्यावरच्या कॅमेऱ्याचा तसा फायदा दिसला नाही.

कारण विचार केला की पटतं. डोक्यावरचा कॅमेरा कामगार पाहतो तेच दाखवतो. तज्ज्ञाला मात्र कामगार पाहत नाही तेही पाहायचं असतं, आणि पुष्कळदा त्याचं सगळं कौशल्य तिथेच असतं.

सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टेफन गाउग्लित्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास याच अडचणीवर काम केलं. कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्रांवरून जागेचं त्रिमिती रूप बांधत जायचं, म्हणजे दूरचा माणूस त्यात स्वतःच्या मर्जीने फिरून पाहू शकतो आणि त्याच्या खुणा पडद्याला न चिकटता वस्तूला चिकटतात. दिशा बरोबर वाटते. आपल्या कामात ती कितपत टिकते ते उसनं उपकरण आल्यावर पाहू.

तोवर दोन साधे कॅमेरे आणि दोन ट्रायपॉड मागवले.

५ फेब्रुवारी

हेल्मेटच्या क्लिपा आल्या. एका जातीच्या हेल्मेटला बसत नाहीत. बदलून मागवल्या.

११ फेब्रुवारी

आज पहिलं खरं काम: सेंट्रिफ्यूगल पंपाचं मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टभोवतून द्रव गळू न देणारा भाग) बदलणं. सील कार्ट्रिज प्रकारचं, म्हणजे आधीच जुळवून एकत्र केलेलं. जुनं काढून झालं होतं, नवं बसवण्याआधी शाफ्ट तपासायचा होता. जुन्या सीलला गळती होती आणि कारण अजून सापडलेलं नव्हतं.

फिटर बेसप्लेटशेजारी गुडघ्यावर, मान वाकडी करून शाफ्टकडे पाहतोय. तज्ज्ञ चालू चित्र पाहत म्हणाले, "शाफ्ट ठीक दिसतोय दादा. कपडा मारून हळूहळू फिरवा." फिटरने कपलिंग हाताने फिरवलं. मग तज्ज्ञांनी थांबायला सांगून चित्र गोठवलं. गोठवल्यावर उपकरण त्या क्षणाचा पूर्ण बारकाईचा फोटो वेगळा पाठवतं, व्हिडिओची फ्रेम नव्हे. तो उघडायला काही सेकंद गेले. तज्ज्ञ गप्प. मग त्यांनी फोटोवर छोटं लांबट वर्तुळ काढलं.

फिटरने नजर खाली टाकून पडद्यावर पाहिलं, परत शाफ्टकडे पाहिलं, अंगठ्याचं नख त्या जागेवरून आडवं ओढलं.

"हो साहेब, नख अडतंय."

"किती लांब आहे?"

"अर्ध्या बोटाएवढी. शाफ्टच्या लांबीनेच गेलीय."

चरा ओ-रिंग (रबराचं गोल कडं) जिथे बसते त्याच पट्ट्यात होता. परिघाने गेलेला बारीक चरा एक वेळ चालून जातो. लांबीने गेलेला चरा मात्र ओ-रिंगच्या खालून द्रवाला सरळ वाट काढून देतो. नवं सील तसंच बसवलं असतं तर तेही गळलं असतं आणि दोष सीलवर गेला असता. फिटरने बारीक पॉलिश पेपर परिघाच्या दिशेने फिरवून जागा साफ केली, परत फोटो, परत नख. यावेळी अडलं नाही.

पुढचं सरळ गेलं. ग्लँडचे (सील पंपाला धरून ठेवणारी चकती) नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत, मग शाफ्टवर पकड घेणाऱ्या कॉलरचे ग्रब स्क्रू, मग सील बसेपर्यंत ते जागेवर धरणाऱ्या सेटिंग क्लिपा मोकळ्या करून शाफ्ट हाताने फिरवून पाहणं. क्लिपा निघाल्याची खात्री तज्ज्ञांनी फोटो मागवून केली. क्लिप तशीच राहिली आणि पंप चालू झाला तर नवं सील तिथल्या तिथे जातं, त्यामुळे ही जागा तोंडी "हो" वर सोडायची नाही.

१२ फेब्रुवारी

काल चालू चित्रात चरा का दिसला नाही हे तपासलं. व्हिडिओ दाबून लहान करताना हलत्या चित्रातली बारीक, कमी उठावाची रेघ सगळ्यांत आधी पुसली जाते, कारण तिच्यावर खर्च करायला बिट उरत नाहीत. तज्ज्ञ "ठीक दिसतोय" म्हणाले तेव्हा त्यांच्यापर्यंत चरा पोचलेलाच नव्हता.

नियम केला: पृष्ठभागाबद्दलचा कोणताही निर्णय चालू चित्रावरून द्यायचा नाही. सीलचा चेहरा, शाफ्ट, बेअरिंगची रेस, गिअरचे दात, सगळ्यांसाठी फोटो.

प्रत्येक तपासणीत एक लांबचा आणि एक जवळचा असे दोन फोटोही हवेत. नुसत्या जवळच्या फोटोत सगळे बोल्ट सारखे दिसतात आणि फिटरला जागा शोधावी लागते. लांबच्या फोटोत नेमप्लेट किंवा ड्रेन प्लगसारखी ओळखीची खूण आली की "कुठला?" विचारावं लागत नाही.

१८ फेब्रुवारी

दोन प्लांटपैकी एकाच ठिकाणाहून चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात अशी तक्रार होती. जोडणीचा यात संबंध नाही. वीज ५० हर्ट्झची असते तिथे जुन्या धाटणीचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्झच्या विजेवर १२० वेळा. कॅमेरा चित्र एकेक ओळ करत वाचतो, त्यामुळे शटरची वेळ दिव्याच्या लयीशी जुळली नाही तर काही ओळी उजळ, काही काळपट. त्या उपकरणावर सेटिंग ६० ची होती, ५० केली. शटर शंभरांश सेकंदाच्या पटीत आलं आणि पट्ट्या गेल्या.

याहून जास्त त्रास अंधाऱ्या केसिंगचा आहे. बाहेर लख्ख प्रकाश, आत काळोख. कॅमेरा बाहेरच्या उजेडावर ठरतो आणि आतलं काळं पडतं. टॉर्च, झूम आणि उजेड कुठल्या बिंदूवर मोजायचा, या तिन्हींचा ताबा तज्ज्ञाच्या हाती दिला. फिटरने आवाजी आज्ञा देत बसण्यापेक्षा हे बरं. पाहणारा तज्ज्ञ आहे, तर बटणंही त्याच्याकडे हवीत.

२५ फेब्रुवारी

आवाज. कॉम्प्रेसर हाउसमध्ये पातळी ८५ डेसिबलच्या वर आहे, म्हणजे कानाला संरक्षण सक्तीचं. हेडसेटचा छोटा स्पीकर इअरमफच्या बाहेर राहतो आणि त्यातलं काहीच ऐकू येत नाही. कानात बसणारे, आवाज रोखणारे इअरफोन हा मार्ग आहे, पण ते प्रमाणित संरक्षक असलेले हवेत, गाणी ऐकायचे नकोत. सुरक्षा विभागाची आणखी एक अट आहे आणि ती रास्त आहे: धोक्याचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे. भोंग्याचा सिग्नल हेडसेटमध्येही आणायचा, असं ठरलं.

उलट बाजूने, फिटरचा आवाज तज्ज्ञाला चांगला जातो. मायक्रोफोन तोंडाच्या जवळ असला की अर्धी लढाई जिंकलेली असते.

आवाजी आज्ञांबद्दल एक तक्रार आली. बोलण्याच्या ओघात आज्ञेचा शब्द आला की मेनू उघडतो. आज्ञा दोन शब्दांच्या केल्या, तक्रार थांबली.

४ मार्च

कामगार प्रतिनिधींसोबत बैठक. मला ही बैठक महत्त्वाची वाटत होती आणि ती तशीच झाली.

२०१३ मध्ये गुगल ग्लास लोकांच्या हाती आला तेव्हा सगळ्यांत मोठा विरोध त्याच्या कॅमेऱ्याला झाला. समोरच्याला आपलं चित्रण होतंय की नाही हे कळत नसे. कारखान्यात हा प्रश्न जास्त अवघड आहे. इथे चित्रण करणारी संस्थाच पगार देते, आणि डोक्यावरच्या कॅमेऱ्यात माणूस कुठे पाहतो, किती वेळ थांबतो, हेही टिपलं जातं.

प्रतिनिधींचा प्रश्न सरळ होता: हे उद्या आमच्या कामाचा वेग मोजायला वापरणार का? नाही, हे लेखी दिलं. ठरलं ते असं. रेकॉर्डिंग मुळात बंद. चालू करायचं तर दोन्ही बाजूंनी होकार, आणि चालू असेपर्यंत उपकरणावर दिवा. कॉलमधले फोटो त्या यंत्राच्या दुरुस्तीच्या नोंदीला जोडायचे, माणसाच्या नावाला नाही. कॅन्टीन, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली इथे उपकरण न्यायचंच नाही. कोणी वापरायला नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

शेवटच्या मुद्द्यावर व्यवस्थापनातून कुरकुर झाली. मी आग्रह धरला आणि तो तसाच राहिला.

१२ मार्च

डोळ्यांची बाब. ज्या डोळ्याची पकड जास्त, त्याच बाजूला पडदा हवा. तपासणी सोपी: दोन्ही तळहात पुढे धरून त्यांच्यात छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून दूरची वस्तू पाहायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसते तो प्रबळ. बहुतेकांचा उजवा निघतो, पण आमच्यात डाव्याचेही बरेच आहेत आणि त्यांना पडदा उजवीकडे दिला की थोड्याच वेळात डोकं दुखतं. दांडी दोन्ही बाजूंना लागते, ती प्रत्येकाने स्वतःपुरती लावून घ्यायची.

जिन्यावर, शिडीवर आणि चालताना पडदा वर सारलेला हवा. ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात साधं उपकरण न्यायचं नाही. त्यासाठी वेगळं, प्रमाणित उपकरण असतं, तोवर तिथे हा प्रकल्प लागू नाही. घामाचे पट्टे आणि गाद्या प्रत्येकाच्या वेगळ्या.

२० मार्च

ट्रायपॉडचा कॅमेरा आज कामी आला.

मोटर आणि पंपाचं अलाइनमेंट, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणणं, चाललं होतं. डायल इंडिकेटर (बारीक सरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवायचे, घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी वाचन घ्यायचं. डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून डायल उत्तम दिसत होता. वाचनं मात्र जुळेनात. पायाखालची शिम (पातळ पट्टी) काढली, घातली, दर वेळी निकाल वेगळा. फिटर वैतागलेला, नजर डायलवर खिळलेली, त्यामुळे तज्ज्ञांनाही डायलच दिसत होता.

तज्ज्ञांनी बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं. जरा वेळाने म्हणाले, "दादा, मोटरच्या वर काय लटकलंय?"

मोटर सरकवण्यासाठी लावलेला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) होता. हूक आय-बोल्टात तसाच आणि साखळी ताणलेली. मोटरचा मागचा एक पाय अर्धवट उचललेला, दर वेळी वेगळ्या जागी टेकणारा. साखळी सैल केली, चारही पायांखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) फिरवून पाहिला आणि पुढची वाचनं एकमेकांशी जुळली.

फसेल आणि क्राउट यांच्या प्रयोगातली गोष्ट ती हीच. फिटर हुशार आहे, अनुभवी आहे, पण त्याची नजर कामाने बांधलेली होती आणि डोक्यावरच्या कॅमेऱ्याने तज्ज्ञांची नजरही त्याच खुंटीला बांधून टाकली होती. सुटी नजर बाजूच्या कॅमेऱ्याने दिली.

२७ मार्च

दिशा कशा सांगायच्या ते दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलं. "डावीकडे" म्हटलं की कोणाचं डावं हा वाद होतो, विशेषतः बाजूच्या कॅमेऱ्यावरून पाहताना. गोल वस्तूवर घड्याळाचे आकडे, आणि १२ म्हणजे नेहमी वरची बाजू. यंत्राला मोटरची बाजू आणि पंपाची बाजू. सूचना मिळाली की फिटरने ती बोलून परत सांगायची आणि मग हात लावायचा. कॉल किंचित लांबतात. मला ते मंजूर आहे.

८ एप्रिल

उसनं आणलेलं पारदर्शक भिंगाचं उपकरण आठवडाभर वापरून झालं. खुणा वस्तूला चिकटवण्याची सोय स्थिर यंत्रावर खरोखर चांगली चालते. व्हॉल्व्हला बाण लावला, फिटर मागे गेला, बाजूने आला, बाण जागच्या जागी. त्या वेळेपुरता "कुठला?" संपलाच.

मर्यादा दोन. उपकरण भोवतालचे ठसठशीत बिंदू पकडून आपली जागा ओळखतं. चकचकीत स्टेनलेस पाइप किंवा एकसारखी रंगवलेली भिंत समोर आली की धरायला बिंदू मिळत नाहीत आणि खुणा सरकतात. दुसरी अडचण मुळातली. खूण जागेला चिकटते, भागाला नाही. चऱ्यावर लावलेली खूण शाफ्ट फिरवला की हवेतच राहते आणि चरा खाली निघून जातो. आपल्या कामात भाग सतत फिरतात, उचलले जातात, उलटे होतात.

पॅनेलची तपासणी, पाइपलाइनची फेरी, नव्या माणसाचं प्रशिक्षण, यासाठी ते नक्की घेण्यासारखं आहे. सील आणि बेअरिंगच्या कामाला गोठवलेला फोटोच जास्त भरवशाचा वाटतो.

१५ एप्रिल

खरेदीची टिपणी आज पाठवली. उपकरणांचं आयुष्य हा मुद्दा त्यात वर घेतला. गुगलने ग्लासच्या व्यावसायिक आवृत्तीची विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली आणि त्याच सप्टेंबरात पाठबळही. होलोलेन्स २ चं उत्पादन थांबल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, सुरक्षेचे अपडेट डिसेंबर २०२७ अखेरपर्यंत मिळतील. पंप वीस-वीस वर्षं चालतात. त्यांच्या दुरुस्तीची पद्धत अशा उपकरणाला बांधून घेता येणार नाही. म्हणून अट घातली: कॉल खुल्या मानकांवर, फोटो आणि नोंदी आपल्या सर्व्हरवर साध्या फाइलच्या रूपात, आणि हेडसेट बदलला तरी बाकीची व्यवस्था तशीच चालली पाहिजे.

"कुठला?" ची मोजणी जोडली आहे. फोटो गोठवून खूण केली त्या कॉलमध्ये तो जवळपास ऐकूच आला नाही. नुसत्या चालू चित्रावरच्या कॉलमध्ये फोनवरच्या पूर्वीच्या कॉलइतकाच. प्रवास घटला आहे, तो आकडाही दिला. काही कामांना तज्ज्ञाने जायलाच हवं हे टिपणीत स्पष्ट लिहिलं: जिथे कंप हाताला जाणवावा लागतो, वास घ्यावा लागतो, किंवा एखाद्या फिटरचं ते पहिलंच मोठं काम असतं.

खरेदीचा क्रम: पहिल्या टप्प्यात ट्रायपॉडचे कॅमेरे आणि पंप हाउसमधले ॲक्सेस पॉइंट, दुसऱ्यात एका डोळ्याचे हेडसेट, जादा बॅटऱ्या आणि कानातले संरक्षक इअरफोन. पारदर्शक भिंगाचं एकच, प्रशिक्षण विभागासाठी. रात्रपाळीच्या फिटरांची पहिली तुकडी सोमवारपासून शिकायला बसते. सील बदलण्याचा सराव जुन्या पंपावर ठेवलाय, आणि शाफ्टवर लांबीने एक चरा मुद्दाम पाडून ठेवलाय.